मधली साक्ष

मास्तर संध्याकाळी गल्लीतून यायचे तेव्हा त्यांच्या दंडात लाल प्लास्टिकचं स्टूल अडकवलेलं असायचं. बायका भाजीची पिशवी अडकवतात तसं. स्टुलाचा एक पाय मोडका होता आणि त्याला सायकलच्या टायरचा तुकडा बांधलेला होता. ऊन उतरायला लागलं की आधी ते स्टूल वळणावर दिसायचं आणि मग त्याच्यामागे मास्तर, उंच, थोडे वाकलेले, जणू स्टूलच त्यांना कुठेतरी घेऊन चाललं आहे.

"बाई, बसू द्या जरा," म्हणायचे. "सात वाजेस्तोवर."

पहिल्यांदा आले तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख होती. मी आत या म्हटलं.

"आत नको. मी पाहुणा न्हाई."

"चहा तरी?"

"चहा नको. तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"वाचत होते."

"मग वाचा की."

एवढं बोलून त्यांनी स्टूल माझ्या पायरीशेजारी मांडलं आणि माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. मी पुस्तक उघडलं खरं, पण एक ओळही डोक्यात शिरली नाही. एक अनोळखी माणूस दारात बसलाय आणि आपण वाचायचं, हे मला जमेना. सात वाजता ते उठले, स्टूल दंडात अडकवलं, "चलतो" म्हणाले आणि गेले.

गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर जाताना मी त्यांना विचारलं, हे मास्तर असे का करतात. चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत सांगितलं, "शाम को उनको शिंदी पीने की याद आती, बाई. अकेले रहे तो पाँव उधरीच जाते. इसलिए सात बजे तक, वो घड़ी टलने तक, किसी के पास बैठते. कल तक मेरे पास बैठते थे. तुम्हारे यहाँ गए तो मेरे को जरा छुट्टी मिली."

टायरचा तुकडा चाचांनीच बांधलेला होता. रमजानमध्ये ते मास्तरांना चिडवायचे, "मास्टर, हमारा तो एक महिना. तुम्हारा बारा महिने का रोजा." मास्तर हसायचे नाहीत. मान हलवून म्हणायचे, "हाव. आणि तुमची ईद येती तरी."

नांदेडमध्ये लहानपण काढलेल्या माझ्यासारखीला अशा माणसांची सवय असते. प्रत्येक गल्लीत एखादा असतोच. पण मास्तरांचं वेडेपण निराळं होतं. आपल्याला काय होतंय हे ते लपवत नव्हते, आणि ते बरं झालं असंही म्हणत नव्हते. या दोन गोष्टी एकत्र करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांना मास्तर म्हणत, ते शाळेतले नव्हेत. ते स्टेशनमास्तर होते, तेही लहान लहान स्टेशनांवर, जिथे दिवसात मोजक्या गाड्या थांबतात आणि संध्याकाळी फलाटावर कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. तिथेच त्यांना शिंदीची, म्हणजे झाडाच्या ताडीची, सवय लागली. एकदा एक पॅसेंजर सिग्नलबाहेर उभी राहिली, शिट्ट्या देत राहिली, आणि मास्तर खुर्चीत झोपलेले. अपघात झाला नाही. पण नोकरीवर डाग लागला, बायको उदगीरला माहेरी गेली आणि तिकडेच वारली. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं होतं, गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं. शेवटी म्हणाले, "मी झोपलो, बाई. दुसरं काही केलं न्हाई मी. नुसता झोपलो."

हे वाक्य मला फार नंतर कळलं, चर्चमधल्या मुलांच्या त्यांच्या वर्गात मागे बसले तेव्हा.

आमच्या मंडळीत उपासनेच्या मध्यावर साक्षीसाठी वेळ ठेवतात. ज्याला वाटेल त्याने उठून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. दुखणं बरं झालं, मुलाला नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली. मग पाळकसाहेब "हालेलुया" म्हणतात, पेटीवर सूर लागतो आणि उपकारस्तुतीचं एक कडवं होतं. सगळ्या साक्षींना शेवट असतो आणि तो शेवट चांगला असतो.

मास्तर दर रविवारी उठायचे. दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवून म्हणायचे, "मंडळी, या आठवड्यातही वाटलं. लई वाटलं. अजून चाललंय." आणि बसायचे. त्यावर हालेलुया म्हणायचं की नाही, हे पाळकसाहेबांना कधी ठरवता आलं नाही. पेटीवाला बोटं पट्ट्यांवर ठेवून वाट बघायचा. बायकांच्या बाजूला कोणीतरी हळूच हसायचं.

एका रविवारी ते उठले आणि त्याच आवाजात म्हणाले, "मंडळी, गुरुवारी गेलो होतो. प्यालो. अजून चाललंय." त्या दिवशी कोणी हसलं नाही. मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली, काही महिने प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे येऊ नका असं त्यांना सांगितलं. मास्तर "बरं" म्हणाले. ते महिने प्रभुभोजनाच्या वेळी ते बाहेर पायरीवर स्टूल टाकून बसायचे आणि नंतर आत येऊन शेवटचं गीत म्हणायचे. आवाज चांगला होता.

माझी भाची करुणा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. उपासनेहून येताना मला म्हणाली, "आत्या, इथे हा एकच माणूस खरं बोलतो."

"बाकीचे खोटं बोलतात का?"

"खोटं नाही गं. पण सगळे संपल्यावर बोलतात."

करुणा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ ती लहान असतानाच गेला. वहिनी एका मोठ्या दवाखान्यात आया आहे. डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहून, त्यांच्या मुली गाडीतून उतरताना बघून तिचं आयुष्य गेलं. आपली मुलगी डॉक्टर होणार हे तिने नवऱ्याच्या मातीच्या दिवशीच ठरवलं होतं. त्यानंतर तिने दुसरं काही ठरवलं नाही. साडी घेतली नाही, गावाला गेली नाही, कोणाच्या लग्नात जेवायला थांबली नाही. तिला हट्टी म्हणणं सोपं आहे. मी कधी म्हटलं नाही.

मुलं मोठी झाली की मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करतात, त्याला आम्ही दृढीकरण म्हणतो. त्याच्या आधी काही महिने वर्ग असतो. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या होत्या, वेळ नव्हता, आणि दुसरं कोणी तयार होईना, म्हणून शनिवार दुपारचा वर्ग मास्तरांकडे आला. करुणा त्या वर्गात होती. चर्चच्या मागच्या पडवीत मुलं सतरंजीवर, मास्तर स्टुलावर. ग्रंथालय शनिवारी लवकर बंद व्हायचं, तेव्हा मी मागे जाऊन बसायचे.

मोहाविषयी शिकवायची त्यांची रीत अशी होती की ते काही शिकवायचे नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता कोणाला काय वाटून राहिलंय, ते सांगा. आधीचं नको, नंतरचं नको. आत्ताचं."

शेवटी एक पोरगा धीर करून म्हणाला, "मास्तर, मला इथून पळून जावंसं वाटतंय."

"मलाबी," मास्तर म्हणाले. "बस."

सगळी हसली आणि तिथून सुरुवात झाली. कोणाला खिशातला मोबाइल काढावासा वाटायचा. कोणाला भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. एका मुलीला शेजारच्या घरातल्या एका मुलाला फोन करावासा वाटत होता, ती रडायला लागली. मास्तर उपदेश करत नसत. "किती वाटतंय?" विचारायचे. "लई" असं उत्तर आलं की शेजारी बसलेल्याला म्हणायचे, "सरक तिच्याजवळ. बोलू नको. नुसता बस." मग सगळा वर्ग काही वेळ गप्प बसायचा. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असायचे. थोड्या वेळाने मास्तर विचारायचे, "आता?" आणि बहुतेक वेळा थोडं कमी झालेलं असायचं. कधी नसायचंही. "न्हाई कमी झालं? बरं. अजून चाललंय," म्हणून ते पुढच्याकडे वळायचे.

एकदा त्यांनी बागेतल्या रात्रीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी आपल्याला मारणार हे प्रभूला ठाऊक होतं आणि त्याला ते नको होतं. घाम फुटेपर्यंत नको होतं. "तेव्हा त्यानं दोस्तांकडे काय मागितलं?" मास्तरांनी विचारलं. मुलांनी उत्तरं दिली. मदत. तलवार. प्रार्थना. मास्तर मान हलवत राहिले. "इथं बसा म्हणाला. जागे राहा म्हणाला. एवढंच. त्यो देवाचा लेक, त्यालाबी एकट्याला ते निभंना. आणि हे काय केले? झोपले."

मग त्यांनी वाकून स्टुलाच्या पायाला बांधलेला टायर घट्ट केला.

"झोपणाऱ्यात मीबी हाय," म्हणाले. "म्हणून तुम्हाला सांगतो. एकट्यानं लढू नका. एकट्यानं लढणारा एक तर पडतो, नाहीतर जिंकतो आणि मग लई फुगतो. कोणाला तरी सांगा, ते चालू असताना सांगा. जिंकून आल्यावरची साक्ष कोणीबी देतं. मला मधली साक्ष पाहिजे."

त्यांच्या पेशातलं एकच वाक्य ते वापरायचे आणि मुलांना ते फार आवडायचं. "गाडी थांबली म्हणजे चढलंच पाहिजे असं न्हाई. तीबी थोड्या टायमानं निघून जाती."

पुढे करुणा लातूरला गेली. तिथल्या शिकवण्या, ती वसतिगृहं, सकाळी सहापासून पाठीवर दप्तरं घेऊन चालणाऱ्या मुलांच्या रांगा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकवणी लातूरला आणि बारावीला नाव भोकरच्या पुढच्या एका गावच्या कॉलेजात, कारण तिथे हजेरी मागत नाहीत. परीक्षेचं केंद्रही तिथेच. निम्मी मुलं असंच करतात. त्या केंद्रावर उत्तरं मिळतात, हे वहिनीला माहीत होतं. करुणाला ते पहिल्या पेपरच्या दिवशी कळलं. अर्धा तास झाला की खिडकीतून कागद येत, आणि एक सर फळ्यावर लिहून वर्गाच्या दारात पाठ करून उभे राहात.

बाकीचे पेपर तिला येत होते, त्यामुळे फळ्याकडे बघायचं कारण पडलं नाही. रसायनशास्त्र मात्र तिला येत नव्हतं. तो पेपर सोमवारी होता. शनिवारी ती नांदेडला घरी आली आणि आईशी बोलली. मी तिथेच होते.

"मम्मी, मी फळ्यावरचं लिहिणार नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"लिहावंसं वाटतंय. पण लिहू नये असंही वाटतंय."

वहिनी चपात्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. "हे बघ, अख्खा वर्ग लिहितो. कॉपी पाप असेल तर अर्धा जिल्हा नरकात जाईल, तू एकटी वर जाऊन काय करणार? भजन? ताई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी पिठाचा डबा झाकून ठेवला. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला अशा वेळी दोन्ही बाजू दिसतात आणि त्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी करुणा उठली. वहिनी माझ्या शेजारी बसली होती, तिने माझं मनगट धरलं. करुणा म्हणाली, "उद्या माझा रसायनशास्त्राचा पेपर आहे. आमच्या केंद्रावर फळ्यावर उत्तरं लिहून देतात. मला तो विषय येत नाही. मला ती उत्तरं घेण्याचा फार मोह होतोय."

ती श्वास घ्यायला थांबली आणि पाळकसाहेबांना वाटलं, साक्ष संपली, मुलीने मोहावर जय मिळवला. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "हालेलुया!" मंडळीने उत्तर दिलं. पेटी सुरू झाली. लोक उभे राहून टाळ्यांवर उपकारस्तुती गाऊ लागले, आणि करुणा त्या गाण्याच्या मध्ये हात हलवत राहिली. "नाही पाळकसाहेब. थांबा ना. अजून ठरलं नाही. अजून ठरलेलं नाही!"

गाणं एकेका बाकावर थांबत गेलं. पेटी सगळ्यात शेवटी थांबली.

"अजून चाललंय," करुणा म्हणाली आणि खाली बसली.

शेवटच्या बाकावरून मास्तर उठले, पुरुषांची बाजू ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि करुणाच्या बाकाशेजारी, मधल्या वाटेत, स्टूल टाकून बसले. पाळकसाहेबांनी प्रवचन सुरू केलं. त्या दिवशी ते काय बोलले ते कोणाला आठवत असेल असं मला वाटत नाही.

पंचांपैकी एक जण अशाच एका कॉलेजात शिकवायला होते. बाहेर आल्यावर ते मास्तरांवर ओरडले. "मंडळीत असल्या गोष्टी बोलायला शिकवता पोरांना? शिक्षकांची बेअब्रू?"

"तुमचं नाव कोणी घेतलं का, सर?"

"घ्यायला काय लागतं?"

"मग तुम्हालाबी काही वाटून राहिलं असंल तर सांगा," मास्तर अगदी मनापासून म्हणाले. "मी बसतो तुमच्याजवळ."

पुढच्या शनिवारपासून वर्ग बंद झाला. मास्तर याही वेळी "बरं" म्हणाले.

पण त्याआधी, उपासनेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटेच्या बसने ते करुणाच्या केंद्राच्या गावाला गेले, स्टुलासकट. तिथली हकीकत मला पुढे करुणाकडून आणि थोडी त्यांच्याकडून कळली. कॉलेजच्या कुंपणाबाहेर जत्रा असावी तशी माणसं होती. भाऊ, मामा, मित्र, हातात गाइडची पानं. काही जण मागच्या भिंतीवर चढलेले. मास्तरांनी करुणाच्या खिडकीसमोर, कुंपणाबाहेर, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत स्टूल टाकलं. एक तरुण जवळ येऊन म्हणाला, "काका, तुमचं कोन हाय आत? कागद द्यायचा का? माझा पोऱ्या लई नेमका फेकतो."

"कागद न्हाई द्यायचा."

"मग कशाला आलाव?"

"बसायला."

त्याने दोस्तांना हाक मारली. "अरे, हे बघा काका. नुस्तं बसायला आलंय!" थोड्या वेळाने होमगार्ड आला आणि भिंतीवरच्या पोरांना सोडून मास्तरांनाच हटकलं. बसलेला माणूस त्याला जास्त संशयास्पद वाटला असावा. मास्तरांनी स्टूल दहा पावलं मागे नेलं, पण खिडकी दिसेल असंच. बाभळीची सावली तिथवर पोचत नव्हती. मार्चचं ऊन होतं आणि मास्तरांनी तीन तास डोक्यावर रुमाल टाकून त्यात काढले.

आत करुणाने फळ्यावरचं लिहिलं. हे ती स्वतःच सांगते, त्यात काही आडपडदा ठेवत नाही. वर्गातली सगळी डोकी एकदम वर होत होती आणि एकदम खाली जात होती. तिचंही डोकं वर झालं आणि तिने उत्तरं उतरवून घेतली. दोन पानं भरली. मग पुरवणी मागायला हात वर केला तेव्हा तिला खिडकीतून उन्हातलं लाल स्टूल दिसलं. मास्तर तिच्याकडे बघतही नव्हते. रुमाल घातलेली मान खाली होती आणि दर थोड्या वेळाने ते स्वतःच्या गालावर चापट मारत होते. तिला आधी कळेना. मग कळलं, त्यांना उन्हाने झोप येत होती आणि ते जागे राहायचा प्रयत्न करत होते.

तिने ती दोन पानं आडव्या रेघा मारून खोडली.

बाहेर आल्यावर मास्तरांनी तिला काही विचारलं नाही. बसस्टँडवर दोघांनी उसाचा रस घेतला. तीच म्हणाली, "मास्तर, मी लिहिलं होतं. मग खोडलं."

"बरं," मास्तर म्हणाले. "पुढचा पेपर कधी?"

निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्रात ती जेमतेम पास होती. डॉक्टरीच्या प्रवेशाला बारावीच्या तीन विषयांचे मिळून जेवढे टक्के लागतात, ते तिचे थोडक्यात हुकले. ती दोन पानं राहिली असती तर हुकले नसते. हे वहिनीने हिशेब करून काढलं, आणि मीही मनातल्या मनात करून पाहिलं, आणि ते खरं होतं. आणखी एक वर्ष घालवायला करुणा तयार झाली नाही. ती लातूरला नर्सिंगला गेली.

ती गेली त्या संध्याकाळी मास्तर माझ्या पायरीशी बसलेले असताना वहिनी आली. पायरी न चढता त्यांच्यासमोर उभी राहिली. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही. मी लोकांची घाण काढली आणि आता तीही काढणार. तुमचं काय गेलं? तुमच्या पुढं आहे काय जायला?"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. चाचा दुकानातून उठून उभे राहिले. मास्तरही उठले. "खरंय, बाई," म्हणाले. "तुमचं लई गेलं." आणि तिला बसायला स्टूल पुढे केलं. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

"चुलीत घाला ते स्टूल," वहिनी म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती मास्तरांशी बोलली नाही. समोरून दिसले तर रस्ता बदलायची.

मी मास्तरांना एकदाच विचारलं, की तुम्हाला काय वाटतं, तिने बरोबर केलं का. त्यांनी स्टूल थोडं माझ्याकडे वळवलं. "मला माहीत न्हाई, बाई. ती डॉक्टर झाली असती तर चांगली झाली असती. तेबी खरंय." मग म्हणाले, "वाचा तुम्ही." अशा उत्तराने माणसाचं समाधान होत नाही. पण त्यांनी मोठं उत्तर दिलं असतं, तर मला त्यांचा राग आला असता.

यंदा थंडीच्या शेवटी मास्तर आजारी पडले. यकृत आधीच गेलेलं होतं, सरकारी दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत. मी जाऊन कॉटशेजारी बसायचे, पुस्तक घेऊन. चाचाही यायचे आणि कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसायचे. शेवटच्या आठवड्यात मास्तर मला म्हणाले, "बाई, आत्ताबी वाटून राहिलंय बघा. पाणीसुद्धा गिळवंना, आणि शिंदी आठवती." ते हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

स्मरणाच्या उपासनेला चर्च भरलं होतं. एकेक जण उठून सांगत होता, मास्तरांनी कसा व्यसनावर विजय मिळवला, ते कसे तरुणांचा आदर्श होते. ज्यांनी वर्ग बंद केला ते पंचही बोलले. हालेलुया झालं, पेटी झाली. मला खूप थकल्यासारखं वाटत होतं. गेलेल्या माणसाला लोक इतकं नीटनेटकं करून ठेवतात, की आपल्याला रडायला जागा उरत नाही.

करुणा लातूरहून सकाळच्या बसने आली होती. ती उठली. "मास्तर जिंकले नव्हते," ती म्हणाली. "ते शेवटपर्यंत मधेच होते. म्हणून मीही मधलंच सांगते. वॉर्डात दर काही तासांनी पेशंटचा ताप बघून तक्त्यात लिहायचा असतो. आम्ही दोघी-तिघी आणि पेशंट खूप. बऱ्याच जणी ताप न बघताच आकडे लिहितात. परवा मीही लिहिले. मग परत जाऊन खरे बघितले. त्यामुळे त्यांचे आकडे उघडे पडले, म्हणून आता बाकीच्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. उद्या मला पुन्हा तसेच लिहावेसे वाटणार आहेत. अजून चाललंय."

पाळकसाहेबांचे हात थोडे वर आले आणि तिथेच थांबले. पेटीवाल्याने पट्ट्यांवरची बोटं काढून मांडीवर ठेवली. वहिनी माझ्या शेजारी होती. ती समोर बघत राहिली.

दुपारच्या बसने करुणा परत गेली. मी घरी येऊन पडून राहिले. उन्हं उतरल्यावर पुस्तक घेऊन दारात आले. मास्तरांचं स्टूल चाचांनी दवाखान्यातून आणून माझ्या पायरीपाशी ठेवलं होतं, ते तसंच होतं.

वहिनी गल्लीच्या वळणावर दिसली. कामावरची निळी साडी, हातात मोबाइल घट्ट धरलेला. ती आली आणि काही न बोलता स्टुलावर बसली. रस्त्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ.

"मी त्यांना माफ केलेलं नाही, ताई," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले.

"मला आत्ता तिला फोन करायचाय. सांगायचंय, की बाई, बाकीच्या लिहितात तसं लिही. उगाच सगळ्यांशी वाकडं घेऊ नको. तिथे एकटी पडशील. एकदा सोडलंस ते पुरे झालं." तिने मोबाइल वर करून दाखवला. "ती बसमध्ये बसल्यापासून चार वेळा नंबर काढला. मी फोन केला तर ती ऐकेल. दमलीये ती. या वेळी ऐकेल ती माझं."

बोलायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं.

तिने हात मागे करून, माझ्याकडे न बघता, मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला.

"सात वाजेपर्यंत तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

मी पुस्तक उघडलं.